परार्ध आणि वीस

आजीला वाण्याचा हिशेब धड जमत नसे, पण संख्यांची नावे तिला मुखोद्गत होती. एकं, दहं, शतं, सहस्र अशी सुरुवात करून कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी ती एका दमात परार्धापर्यंत पोचायची आणि तिथे थांबायची. "त्याच्या पुढे काय?" असे विचारले की म्हणायची, "त्याच्या पुढे मोजण्यासारखं काही उरतच नाही." तिचे फारसे चुकत नव्हते. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त संख्यास्थानांची जी माळ ओवली, तीही अठराव्या स्थानी परार्धावरच संपते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. गाई, मोहरा, धान्याची पोती, यांपैकी काहीही मोजायला निघालात तरी तेवढ्यात भागावे.

रसायनशास्त्रात मात्र परार्ध म्हणजे चिल्लर.

फुप्फुसाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगावर ब्रिगॅटिनिब नावाचे औषध आहे. अमेरिकेत त्याला एप्रिल २०१७मध्ये मान्यता मिळाली. पहिला आठवडा रोज ९० मिलिग्रॅम आणि मग रोज १८० मिलिग्रॅम, असा त्याचा नेहमीचा डोस. १८० मिलिग्रॅम म्हणजे पानात डाव्या हाताला वाढलेल्या मिठातली लहानशी चिमूट. एवढ्याशा औषधात रेणू किती? सुमारे १,८५० परार्ध. आज जगात असलेली ८०० कोटी माणसे कामधाम सोडून, न जेवता, न झोपता, प्रत्येकी सेकंदाला एक या वेगाने ते मोजायला बसली, तर ७३५ वर्षे लागतील. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली १२९०मध्ये. एवढीच माणसे त्या दिवशी मोजायला बसली असती, तर आत्ता कुठे शेवटचे रेणू हाती लागत असते. आणि हा हिशेब एका रोग्याच्या एका दिवसाचा.

या प्रत्येक रेणूत फॉस्फरसचा एक अणू आहे आणि तो कार्बनच्या एका षटकोनी कड्याला जोडलेला आहे. फॉस्फरस आणि कार्बन यांच्यातला हा जोड साधारण ०.१८ नॅनोमीटर लांबीचा. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे चार लाखांहून जास्त जोड एकापुढे एक मांडता येतील. तो आपला आपण बसत नाही. त्यासाठी पॅलेडियम धातूची मदत घ्यावी लागते, आणि एकेक जोड पॅलेडियमच्या कुठल्या ना कुठल्या अणूच्या हाताखालून जातो. धातूच्या मध्यस्थीने दोन वेगळे रेणू असे सांधण्याच्या रीतीला क्रॉस-कपलिंग म्हणतात. १,८५० परार्ध रेणू, १,८५० परार्ध सांधे. मग असा सांधा बसवणारा एक अणू आयुष्यात किती सांधे बसवतो?

या प्रश्नाचे उत्तर ऐकून मी पहिल्यांदा निराश झालो होतो. ते पुढे येईलच. आधी फॉस्फरसची गोष्ट.

फॉस्फरस काही दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचातले एक टन द्रव्य घेतले तर त्यात साधारण एक किलो फॉस्फरस निघतो. जगात दर वर्षी सुमारे २२ कोटी टन फॉस्फेटचा खडक खणला जातो. चार हजार टनांची एक अशा मालगाड्यांत तो भरायचा ठरवला तर वर्षाचे ३६५ दिवस, रात्रंदिवस, दर दहा मिनिटांनी एक गाडी सुटली पाहिजे. बहुतेक माल खतात जातो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असलेली 'सुफला' १५:१५:१५ची ५० किलोची गोणी घ्या. तिच्यात निव्वळ फॉस्फरस सव्वातीन किलो, म्हणजे अणूंच्या भाषेत ६३ कोटी परार्ध. तुमच्या-माझ्या अंगातही जवळपास ७०० ग्रॅम फॉस्फरस आहे. त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत बसलेला. उरलेल्यापैकी काही डीएनएच्या कण्यात. एकाच पेशीतले डीएनएचे सगळे धागे मोजले तर त्यांत जवळजवळ १,२८० कोटी फॉस्फरस अणू सापडतात. भारताची लोकसंख्या नऊ वेळा घ्या, तेवढे. डोळ्यांना दिसणारही नाही अशा एका पेशीत.

गंमत अशी, की खडकात, गोणीत, हाडात आणि डीएनएत फॉस्फरस जिथे जिथे आहे तिथे तो ऑक्सिजनचा हात धरून आहे. कोट्यवधी परार्ध अणूंच्या या पसाऱ्यात फॉस्फरस आणि कार्बन थेट एकमेकांना भिडलेले जवळपास नाहीतच. सजीवांत असा जोड असतो हेच मुळी १९५९पर्यंत कुणाला माहीत नव्हते. त्या वर्षी जपानी संशोधकांना तो मेंढीच्या पोटात राहणाऱ्या एकपेशी जीवांत सापडला. दहा वर्षांनी, १९६९मध्ये, स्पेनच्या मातीतल्या जिवाणूंपासून फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक मिळाले. मूत्रमार्गाच्या संसर्गावर तीन ग्रॅमची एकच पुडी पाण्यात ढवळून देतात, ते हे औषध. त्या पुडीत फॉस्फरस-कार्बनचे १,३०,००० परार्ध जोड असतात. (१६६९मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने सोने मिळेल या आशेने मानवी मूत्र आटवले आणि त्याच्या हाती फॉस्फरस लागला. बरोबर तीनशे वर्षांनी फॉस्फरसने मूत्रमार्गाचे ते ऋण फेडले म्हणायचे.)

निसर्गाला हा जोड जड जातो याचाही आकडा आहे. जिवाणूंतले जे विकर तो घडवते, त्याची क्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी चालते, आणि मोकळी सोडली तर ती जोड तुटण्याच्या बाजूला निदान पाचशे पटींनी झुकते. पाचशे तुटतात तेव्हा एक टिकतो. म्हणून पुढचे विकर त्या एकाला लगेच पकडते आणि परतीची वाटच बंद करून टाकते.

माणसाने हा जोड घडवायची सोपी वाट शंभर वर्षांपूर्वीच शोधली होती. जर्मनीत आउगुस्ट मिखाएलिसने १८९८मध्ये आणि पुढे रशियात अलेक्सांद्र आर्बुझोव्हने ती घालून दिली. फॉस्फरसचा रेणू कार्बनवर पाठीमागून चाल करून जातो, समोरून क्लोरिन-ब्रोमिनसारखा अणू निसटतो आणि जोड बसतो. धातू लागत नाही. धातूशिवाय घडणाऱ्या या जोडाचा पसारा केवढा आहे ते पाहायचे तर ग्लायफोसेट घ्या. हे तणनाशक आर्बुझोव्हच्या वाटेने बनत नाही, पण त्यातलाही फॉस्फरस-कार्बन जोड धातूच्या मदतीविना बसतो. २०१४ या एका वर्षात ते जगभर सुमारे ८ लाख २५ हजार टन वापरले गेले. एचआयव्हीवरच्या टेनोफोविरमधला जोडही बिनधातूचा. ग्लायफोसेटच्या बऱ्यावाईटावर पुष्कळ भांडता येईल, पण त्यातला हा जोड स्वस्त आहे एवढे मान्य करावे लागते.

अडचण येते ती षटकोनी कड्यापाशी. बेंझिनसारख्या कड्यातल्या कार्बनला पाठ असते ती कड्याच्या आत. तिथून चाल करणे म्हणजे वाड्याच्या चौकात उभे राहून दिंडी दरवाजा बाहेरून ठोठावण्यासारखे. फॉस्फरसला तिकडे वाटच नाही. आणि औषधांत, रंगद्रव्यांत, पडद्यांच्या चकाकीत, आपल्याला हवे असतात ते नेमके कड्याला जोडलेले फॉस्फरस. १९७०मध्ये टाव्स या रसायनशास्त्रज्ञाने निकेलचे मीठ घालून कड्यावर फॉस्फरस बसवून दाखवला खरा, पण त्यासाठी १५० अंशांच्या वर तापवावे लागे. नाजूक रेणू एवढ्या आचेत करपून जातात.

१९८०मध्ये ओसाका विद्यापीठात तोशिकाझू हिराओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलेडियम वापरले आणि तपमान ९० अंशांवर आणले. आधी दुहेरी बंधाच्या कार्बनवर आणि लगोलग बेंझिनच्या कड्यावर. तेव्हापासून या जोडणीला हिराओंचे नाव आहे. सुझुकींची कार्बन-कार्बन जोडणी जेमतेम वर्षभर आधीची. तिच्यासाठी सुझुकींना २०१०मध्ये हेक आणि नेगिशी यांच्याबरोबर नोबेल मिळाले. हिराओंची जोडणी त्या मानाने पडद्यामागेच राहिली.

पॅलेडियमचा अणू काय करतो ते सांगायला सोपे आहे. तो आधी कार्बन आणि ब्रोमिन यांच्या मध्ये घुसतो, दोघांना दोन हातांनी धरतो. मग फॉस्फरसवरचा हायड्रोजन एखादा आम्लारी काढून घेतो आणि रिकामा झालेला फॉस्फरस ब्रोमिनला बाजूला सारून पॅलेडियमचा हात धरतो. आता एका हातात कार्बन, दुसऱ्यात फॉस्फरस. पॅलेडियम दोन्ही हात जवळ आणतो, ते दोघे एकमेकांना धरतात आणि पॅलेडियम मोकळा होतो, पुढच्या जोडीसाठी, जसाच्या तसा. कागदावर पाहिले तर हे चक्र अनंत काळ फिरायला हवे.

प्रत्यक्षात हिराओंच्या पद्धतीच्या ठरीव कृतींत शंभर रेणूंमागे पाच पॅलेडियम घालतात. म्हणजे एका अणूच्या वाट्याला वीस जोड.

वीस!

परार्धांच्या बाजारात वीस. हल्ली काही कृतींत शंभराला एक किंवा त्याहून कमी पॅलेडियमही पुरते, पण प्रयोगशाळेतल्या वहीत अजून ते पाच टक्केच वारंवार दिसतात. कारण विचाराल तर फॉस्फरसच. त्याला पॅलेडियमचा फार लळा. उत्प्रेरक म्हणून जो पॅलेडियम बाटलीतून काढतात तो आधीच चार फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरसच्याच, रेणूंना बिलगलेला असतो. तेच त्याला सांभाळतात, विरघळू देतात, काम करू देतात. पण जोडायला आणलेला फॉस्फरसही तसाच बिलगतो आणि जोडून झालेलाही पुष्कळदा सोडत नाही. लग्न लावून दिले, पंगत उठली, तरी पाहुणे घरातच मुक्कामाला. धातूचे हातच मोकळे होत नाहीत. कार्बनला कार्बन जोडताना ही अडचण नसते, म्हणून तिथले आकडे मोठे. फॉस्फरसला जोडताना ज्याला कामाला लावायचे त्याच जातीचा माल हाताळावा लागतो. कुंभाराने चाकावर चाकच घडवायला घ्यावे, तसे.

आणि पॅलेडियम काही फॉस्फरससारखा उधळायला उपलब्ध नाही. कवचाच्या टनामागे फॉस्फरस एक किलो होता. पॅलेडियम १५ मिलिग्रॅम, मोहरीचे सहा-सात दाणे. जगभरच्या खाणींतून वर्षाला २१० टनांच्या आसपास निघतो, मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून. तो वितळवून एका ठोकळ्यात ओतला तर केवढा होईल? मुंबईच्या चाळीतली दहा बाय दहाची एक खोली घ्या. जमिनीपासून सहा फुटांच्या जरा वरपर्यंत भरेल. संपला जगाचा वर्षाचा पॅलेडियम. त्यातलाही बहुतांश मोटारींच्या धुराड्यांत जातो, आणि उरलेल्यावर जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा आणि औषध कारखाने भागवतात.

पुन्हा गोळीकडे येऊ. समजा ब्रिगॅटिनिबच्या एका दिवसाच्या डोसातला फॉस्फरस बसवायला शंभराला पाच या हिशेबाने पॅलेडियम घातला. तो होतो १.६ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ९३ परार्ध अणू. आता औषधांतल्या धातूंच्या अंशाबाबत जगभर पाळली जाणारी आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेची मर्यादा पाहा: तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून जास्त पोटात जाता कामा नये. १.६ मिलिग्रॅमसमोर १०० मायक्रोग्रॅम. वापरलेल्या दर सोळा अणूंपैकी पंधरा बाहेर काढलेच पाहिजेत. म्हणून शहाणे रसायनशास्त्रज्ञ धातूची पायरी शक्यतो सुरुवातीला उरकतात. ब्रिगॅटिनिबच्या प्रसिद्ध झालेल्या रीतीतही फॉस्फरसचा जोड आरंभीच्या लहान तुकड्यावरच बसवला आहे. पुढच्या प्रत्येक पायरीला, प्रत्येक धुण्यात, प्रत्येक स्फटिकात धातू गळत जातो. आणि सगळे काटेकोर करूनही परवानगी असलेले ते १०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? साडेपाच परार्ध अणू. भास्कराचार्यांची माळ जिथे संपते त्याच्या साडेपाचपट, आणि कागदावर त्याचे नाव 'अत्यल्प अंश'.

मात्र धातूच्या एका अणूला वीस जोड हा आकडा एवढ्यावरच सोडला तर हिराओंवर आणि फॉस्फरसवर अन्याय होईल. हे जोड पुढे काय करतात तेही मोजायला हवे.

जपानचे र्‍योजी नोयोरी आणि हिदेमासा ताकाया १९७४पासून एका रेणूच्या मागे होते. दोन नॅफ्थलीन एकमेकांना तिरके जोडलेले आणि दोघांवर एकेक फॉस्फरस. नाव बिनॅप. डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपे असणारा हा रेणू १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. तो मिळवायचा तर एका पायरीला तपमान २४० अंशांच्या वर, ३२० पर्यंत न्यावे लागे. मग डावे-उजवे वेगळे करण्याची कटकट निराळी. १९९४मध्ये मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी क्रॉस-कपलिंगची वाट धरली: डावे-उजवे आधीच वेगळे केलेले बिनॉल, म्हणजे बिनॅपचा कच्चा माल, घेतले, निकेलचा उत्प्रेरक घातला, १०० अंशांवर दोन्ही फॉस्फरस एकाच भांड्यात बसवले. उतारा ७७ टक्के. निकेल घातला होता शंभराला दहा. म्हणजे निकेलच्या एका अणूमागे जेमतेम पंधरा जोड. वीसहूनही कमी.

आता हा बिनॅप कामाला लावला की काय होते पाहा. नोयोरींच्या गटाने १९९८मध्ये बिनॅपचाच सख्खा भाऊ असलेला लिगंड (धातूला धरून ठेवणारा रेणू) रुथेनियमला बांधला आणि तो २.२ मिलिग्रॅम, म्हणजे फोडणीतल्या मोहरीच्या एका दाण्याएवढा, उत्प्रेरक ६०१ ग्रॅम अॅसिटोफेनोनमध्ये टाकला. हायड्रोजनचा दाब ४५ वातावरणांचा, तपमान ३० अंश, पुण्याच्या मार्चमधल्या दुपारपेक्षाही सौम्य. ४८ तासांत सगळ्याचे अल्कोहोल झाले. साडेबारा परार्ध रेणूंनी तीन कोटी परार्ध रेणू हातावेगळे केले. एकेकाच्या वाट्याला २४ लाख. वेग शिगेला असताना सेकंदाला ६३. (घाई वाटते? रेणूच्या मोजपट्टीवर ती दुपारची वामकुक्षी आहे. फॉस्फरस-कार्बनचा बंध सेकंदाला साधारण २० लाख कोटी वेळा थरथरतो. दोन कामांच्या मधल्या वेळात त्याची थरथर तीस हजार कोटींहून जास्त वेळा होऊन जाते.)

ताकासागो कंपनीने बिनॅपला ऱ्होडियमची जोड देऊन १९८३पासून मेन्थॉलचा कारखाना चालवला. तिथे उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरून एका रेणूकडून चार लाख कामे करून घेतल्याची नोंद आहे. खोकल्याच्या गोळीतला गारवा असाही येतो. स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगीने १९९६मध्ये मेटोलाक्लोर या तणनाशकासाठी दोन फॉस्फरसचा आणखी एक लिगंड इरिडियमबरोबर जुंपला. तो लिगंड वेगळ्या रीतीने बनतो, आणि त्याच्या कुळाला तो पहिल्यांदा बनवणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव आहे, साहेबाचे नाही, म्हणून मला तो विशेष आवडतो. तिथे एका इरिडियममागे वीस लाख रेणू. वर्षाला दहा हजार टन माल काढायचा तर कागदी हिशेबाने साडेतीन किलोच्या आत इरिडियम लागतो, आणि एवढा जड धातू असल्यामुळे तो चहाच्या एका कपात मावतो.

पुण्याचेही या हिशेबात नाव आहे. जर्मनीत ओबरहाउझेनला १९८४पासून पाण्यात विरघळणारा फॉस्फिन आणि ऱ्होडियम यांच्यावर अल्डिहाइडचा मोठा कारखाना चालू आहे. उत्प्रेरक पाण्यात आणि तेलकट माल वर तरंगतो, त्यामुळे महागडा धातू वाया जात नाही. पण लांब शेपटीचे रेणू पाण्यात उतरतच नाहीत, त्यांचे काम रखडते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रघुनाथ चौधरी आणि सहकाऱ्यांनी तेलकट थरात साधा ट्रायफिनाइलफॉस्फिन घातला. तो दोन थरांच्या सीमेवरच ऱ्होडियमला धरतो. वेग दहा ते पन्नास पटींनी वाढला. हे १९९५मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले.

तर आता दोन्ही टोके जोडू. निकेलचा एक अणू बिनॅपचे साधारण आठ रेणू घडवतो आणि थकतो. त्या आठांनी रुथेनियमला धरून नोयोरींच्या त्या भांड्यातल्यासारखे काम केले, तर कागदावर जवळपास दोन कोटी रेणू पार पडतात. घडवताना पंधरा, राबताना कोटी.

मला विचाराल तर या लेखातला सगळ्यात अचाट आकडा परार्ध नाही आणि २४ लाखही नाही. परार्ध होतात कारण अणू लहान आहेत. त्यात कुणाचे कर्तृत्व नाही. २४ लाख होतात कारण लिगंड चांगला आहे, आणि तो चांगला आहे कारण त्यातला फॉस्फरस धातूला सोडत नाही. जोड घडवताना धातूला वीसावर अडवणारी तीच चिकाटी. या वीसाचे दोन हजार करून दाखवणे हे काम अजून बाकी आहे. मराठी घरांतली पुष्कळ मुले दर वर्षी रसायनशास्त्र घेतात. त्यांतले कुणी हे वाचत असेल, तर मोहरीच्या दाण्याएवढा पॅलेडियम, एक ब्रोमाइड आणि एक फॉस्फाइट एवढ्यावर सुरुवात करता येते.